रोगाचा वाफा आणि धायगुडे साहेब

मला कुणी विचारलं, बाई, तुम्ही जन्मभर केलं काय, तर मी सरळ सांगते, बुरशी काढली. कागदावर, शाईनं. ऐकणारा लगेच विषय बदलतो. आमचे नातेवाईक तर लग्नकार्यात माझी ओळख ‘ड्रॉइंग टीचर होत्या’ एवढीच करून देतात, पुढचं सांगायची त्यांनाच लाज वाटते. मला नाही वाटत. ज्यानं धायगुडे साहेबांच्या हाताखाली काम केलं त्यानं लाजायचं कशाला?

मध्यभारताचं राज्य तेव्हा नवंनवं होतं. होळकर दरबारचे छापील कागद संपेपर्यंत त्यांच्यावरच नवा शिक्का मारून काम चालायचं. आमचे हे इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये कारकून, आणि मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. शहराबाहेरच्या सरकारी शेतकी फार्मवर चित्रकार हवा आहे, ही जाहिरात ह्यांनीच वाचून दाखवली. मला वाटलं, गुलाब नाहीतर जास्वंद काढायची असेल. चांगली नऊवारी नेसून गेले.

धायगुडे साहेबांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि म्हणाले, दिसतं ते काढा. पाहिलं तर कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे, बारीक, काचेसारखे कण इकडेतिकडे पडलेले. मी तासभर खपून सुरेख चित्र काढलं. साहेबांनी ते उजेडाकडे धरलं.

“यांना ओळीत कुणी उभं केलं?”

“मीच. जरा बरं दिसतं.”

“बाई, आमच्या घरातल्या चार पिढ्या होळकरांच्या पागेत गेल्या. ओळीत उभं करणं मला कळतं. ही काय पलटण आहे? ही कापसाला मारणारी बुरशी आहे. जशी पडली तशी काढा.”

मला अस्सा राग आला. कागद उलटा करून मी मुद्दाम, दिसलं तसं, वेडंवाकडं काढून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “आता बरोबर. सोमवारपासून या.” त्या दिवसापासून मी त्यांची ‘चित्रकारबाई’ झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

सहा फूट उंची, भरघोस मिशा, खाकी अर्धी विजार आणि डोक्यावर सोला हॅट. चालायचे मात्र खाली बघत, काही हरवल्यासारखे. फार्मवरचे मजूर त्यांना ‘बीमारीवाले साब’ म्हणायचे. बाकीच्या साहेबांचे वाफे हिरवेगार, आणि ह्यांचा वाफा बघावा तर अर्धा वाळलेला. पाहुणे आले की सुपरिंटेंडंट साहेब त्यांना लांबच्या वाटेनं फिरवून आणायचे, का, तर धायगुड्यांचा वाफा दिसू नये.

तो वाफा त्यांनी मुद्दाम आजारी ठेवला होता. मालव्याच्या काळ्या मातीत कापसाला मर लागायची. बुरशी मातीतच दबा धरून असते. मुळातून आत शिरते, झाडाच्या पाणी चढायच्या नळ्यांतून वर जाते, आणि चांगलं गुडघाभर वाढलेलं झाड चार दिवसांत मान टाकतं. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. गावंच्या गावं या रोगापायी कापूस सोडून ज्वारीकडे वळली होती. साहेब दरवर्षी मेलेली झाडं गोळा करून, त्यांचे तुकडे करून त्याच वाफ्यात गाडायचे, म्हणजे रोग वाढावा. मग तिथेच बी पेरायचे. जी झाडं शेवटपर्यंत उभी राहतील त्यांचंच बी पुढच्या वर्षी, परत त्याच मातीत. होळकरशाहीच्या शेवटच्या दिवसांत सुरू केलेलं हे काम, मी पुढे सांगणार आहे त्या वेळी, सहाव्या वर्षाला आलं होतं. त्यातून एक वाण वर येत होता, त्याला नाव नव्हतं, नुसता ‘सात नंबर’.

झाड मेलं असं ते कधी म्हणाले नाहीत. “आज चार पडली,” म्हणायचे. आणि बुरशीला शिव्या दिलेल्याही त्यांना चालायच्या नाहीत. मी एकदा ‘मेली बुरशी’ म्हटलं तर म्हणाले, “तिलाही पोट आहे. ती तिचं काम करून राहिली. झाडानं आपलं करावं.”

बुरशी वाढवायला त्यांना बटाटे आणि गोड पदार्थ थिजवायला घालतात तो चायना ग्रास लागायचा. सरकारी मागणीपत्राची वाट बघायला वेळ कुणाला? स्वतः सायकलवरून सियागंजच्या बाजारात जायचे. तिथल्या किराणावाल्याची पक्की समजूत होती की यांच्या घरी रोज पंगती उठतात. तो विचारायचा, “धायगुडेजी, आज फिर मीठा बन रहा है?” आणि हे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “क्या करें भिया, मेहमान बहुत हैं.” पाहुणे म्हणजे काचेच्या बशांतली बुरशी. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बटाटे मोजून बाजूला काढायच्या, नाहीतर संध्याकाळच्या भाजीचे बटाटेही प्रयोगशाळेत जायचे.

त्यांचे वडील जुन्या पागेतले जमादार. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, म्हातारा घरी बसला. मुलगा बुरशी बघतो हे त्यांना लोकांना सांगवेना. एकदा साहेब त्यांना टांग्यात घालून फार्मवर घेऊन आले. म्हाताऱ्यांनी काठी टेकत वाफा पाहिला, मेलेली झाडं पाहिली, मधूनमधून उभी असलेली पाहिली.

“यात लढाई कसली?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी एक उभं झाड उपटलं, चिरलं आणि आतली रेघ दाखवली. “बघा आबा, शत्रू इथपर्यंत आला होता. झाडानं डिंक सोडून ही नळी बंद केली. एक फांदी गेली, झाड वाचलं. हेच उशिरा सुचलं असतं तर झाड गेलं असतं. आणि भिऊन सगळ्याच नळ्या बंद केल्या असत्या तरी पाण्यावाचून गेलंच असतं.”

“पण यांना हुकूम कोण देतं?”

“कुणीच नाही. माणसाच्या अंगात रक्त असतं, शिपाई धावत जातात. झाडात कुणाला धावता येत नाही. जो जिथे आहे त्यानं तिथेच लढायचं.”

म्हाताऱ्यांनी त्या चिरलेल्या खोडातल्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “पळायची सोय नाही म्हणतोस. मग ही फौज बरी.” त्यानंतर म्हणे ते शेजारीपाजारी स्वतःहून सांगायला लागले की आमचा आनंदराव कापसाच्या फौजेत आहे.

आणि ते नायट्याचं प्रकरण. फार्मवरच्या एका वासराच्या तोंडाला नायटा झाला होता, साहेब त्याला गोंजारायचे, तो त्यांच्या हाताला आला. दुसरा कुणी असता तर मलम चोळून मोकळा झाला असता. हे माझ्यासमोर बाही वर करून बसले. “चित्रकारबाई, रोज याचं चित्र हवं.” अठरा दिवस मी त्यांच्या दंडावरचा नायटा काढला. रोज त्याच्या कडेनं शाईची रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी तो रेघेच्या बाहेर किती गेला ते बघायचं. सच्ची सांगते, शिसारी आली होती. पण आठव्या दिवशी मलाच दिसलं की कडा लाल, खवल्यांची, आणि मधली कातडी साफ.

“पाहिलंत?” ते एकदम खूश. “ही बुरशी वरच्या मेलेल्या कातडीवर जगते. अंग काय करतं, शिपाई तर पाठवतंच, पण खालून नवी कातडीही भराभर वर ढकलतं. तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतं. म्हणून ती बाहेर बाहेर पळते.” वहिनींनी त्यांचा पंचा, ताट, उशी, सगळं वेगळं केलं होतं. शेवटी त्यांनीच गंधकाचं मलम आणून जबरदस्तीनं लावलं. साहेब दोन दिवस हळहळत होते.

आता मुख्य गोष्ट सांगते.

सहाव्या वर्षी खात्याची समिती येणार असं ठरलं. सात नंबर त्यांना पटला तर बी गावोगाव वाटायचं. नाही पटला तर वाफा बंद, त्या जागी भाजीपाला. सुपरिंटेंडंट साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. समितीला दाखवायला नकाशा हवा म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच मी दर शनिवारी वाफ्याचा नकाशा काढू लागले. प्रत्येक ओळ, प्रत्येक झाड, उभं असेल तिथे गोल, पडलं असेल तिथे फुली. तोपर्यंत साहेब पडलेली झाडं मोजायचे आणि उभी राहिलेल्यांना शेवटी चिंधी बांधायचे. मधल्या रिकाम्या जागेची नोंद कुणी ठेवलीच नव्हती.

पाचव्या शनिवारी माझा नकाशा जुळेना. तिसऱ्या ओळीत जिथे मी फुली मारली होती तिथे आता कोवळं झाड होतं. पाचव्या ओळीतही तसंच. मला वाटलं, चूक माझीच. घाबरून मी तो कागद घरी नेला, पुन्हा मोजला, ह्यांच्याकडून मोजून घेतला. सोमवारी जाऊन परत वाफा पाहिला. एकोणीस जागा अशा निघाल्या. मग मात्र मी आधीचा आणि नवा, दोन्ही नकाशे साहेबांच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी पाहिलं, हॅट घातली आणि थेट गंगाबाईकडे गेले. गंगाबाई निंदणीच्या बायकांची मुकादमीण. बाई हाडाची कष्टाळू आणि साहेबांवर तिची भारी माया. साहेबांनी विचारलं, “गंगाबाई, इस खेत में खाली जगा किसने भरी?”

ती हसली. तिला वाटलं, शाबासकी मिळतेय. “म्हने भरी साब. और कौन भरेगा?”

आता यात तिचं काय चुकलं सांगा. शेतात बी उगवलं नाही, झाड मेलं, तर त्या जागी परत बी टोचायचं, नांगे भरायचे, हे कुठल्याही चांगल्या मजुराला सांगावं लागत नाही. नांगे ठेवणारा मजूर आळशी. आणि तिच्या साहेबांचा वाफा सगळ्या फार्ममध्ये टकला. तिला ते बघवत नव्हतं.

“बीज कौन सा?”

“बाजूवाले खेत का. अच्छा बीज है साब.”

“इसी साल भरी?”

“नी साब, हर साल. खाली जगा में आपकी बेइज्जती होती थी.”

साहेब तिथेच बांधावर बसले. मी त्यांना कामाच्या वेळात बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाजूच्या शेतातलं बी म्हणजे साधं, रोगाला बळी पडणारं. सहा वर्षं ज्या उभ्या झाडांचं बी ते जिवापाड जपत होते, त्यांतली किती सात नंबरची आणि किती गंगाबाईनं मागून टोचलेली, नशिबानं वाचलेली, हे आता कोण सांगणार? त्यांचा चेहरा उतरला होता. गंगाबाईला काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं आणि ती रडायला लागली.

साहेब तिला एवढंच म्हणाले, “रोओ मत. गलती मेरी है. मैंने तुमको कभी बताया ही नी कि ये खेत क्या है.” मग त्या उन्हात उभं राहून त्यांनी तिला सगळं समजावलं. बुरशी, मुळं, नळ्या, डिंक, सगळं. सहा वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही त्याचीच लाज वाटली, कारण मीसुद्धा तिच्याशी ‘बाजूला हो, नकाशा काढायचाय’ यापलीकडे बोलले नव्हते.

समिती यायला आठ दिवस होते. सुपरिंटेंडंट साहेबांचं म्हणणं होतं, गप्प बसा. “वाफा भरलेला दिसतोय, झाडं उभी आहेत, आणखी काय पाहिजे? खालीपिली स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेता?” तसं पाहिलं तर त्यांचं अगदीच चूक नव्हतं. धायगुडे साहेब स्वतःच मला म्हणाले होते की नशिबानं वाचलेल्या झाडांची पोरं पुढच्या वर्षी त्याच मातीत मेलीच असणार, म्हणजे सात नंबर बहुतेक खराच आहे. ‘बहुतेक’ हा शब्द मात्र त्यांनी दोनदा उच्चारला.

समितीत तिघे होते. अध्यक्ष वयस्क, कमी बोलणारे. वाफ्यात शिरले आणि खूश झाले. सहा वर्षांच्या रोगट मातीत इतकी झाडं उभी. त्यांनी मान डोलावली, एकानं तर वहीत काहीतरी लिहायलाही घेतलं. तेव्हा धायगुडे साहेब म्हणाले, “लिहू नका. हा आकडा खोटा आहे.”

सुपरिंटेंडंट साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी नकाशे घेऊन मागे उभी होते.

“या वाफ्यात दरवर्षी नांगे भरले गेले. माझं लक्ष नव्हतं. वाण चांगला आहे असं मला वाटतं, पण मला वाटतं म्हणून गावांना बी देता येत नाही. एक वर्ष द्या.”

“नांगे कुणी भरले?” अध्यक्षांनी विचारलं.

“वाफा माझा आहे,” साहेब म्हणाले. गंगाबाई वीस पावलांवर खुरपं घेऊन उभी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

एक वर्ष मिळालं. तेही कसं, तर पुढच्या हंगामात सिद्ध झालं नाही तर वाफा तर जाईलच, धायगुड्यांची जागाही जाईल. वहिनींना त्यांनी हे सांगितलंच नाही. त्या मला विचारायला आल्या, आणि मला खोटं बोलता येत नाही, मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “बरं केलं त्यांनी,” आणि चहा टाकला.

पुढच्या वर्षी सगळ्यात रोगट तुकडा निवडला. एक ओळ सात नंबर, एक ओळ साधा कापूस, परत सात नंबर, परत साधा. आणि राखण कुणाकडे? गंगाबाईकडे. मी म्हटलं, साहेब, दुसरी कुणी बघा. ते म्हणाले, “तिच्याइतकी रिकामी जागा दुसऱ्या कुणाला टोचत नाही. तीच बरोबर राखेल.” झाड पडलं की गंगाबाई त्या जागी तुरीची काटकी रोवायची. एका नव्या बाईनं सवयीनं एका जागी बी टोचलं, तर गंगाबाईनं तिचा हात धरला आणि बुरशी, मुळं, नळ्या, डिंक, सगळं तिला मालवीत समजावलं. मी नकाशा काढता काढता ऐकत होते. साहेबांपेक्षा तिनं चांगलं समजावलं, हे मी त्यांना सांगितलंही, आणि त्यांना ते फार आवडलं.

भाद्रपद संपता संपता साध्या कापसाच्या ओळींत काटक्याच काटक्या झाल्या. सात नंबरच्या ओळींतही काटक्या होत्या, नाही असं नाही, पण तुरळक. मधे कापूस कमरेएवढा उभा. समिती आली. अध्यक्ष दोन ओळींच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटेच चालत गेले आणि परत आले. म्हणाले, “धायगुडे, गेल्या वर्षी तुम्ही बोलला नसता तर मी मंजूर केलंच असतं.”

“ठाऊक आहे,” साहेब म्हणाले.

बी वाढवायला दोन हंगाम गेले, मग ते गावांना गेलं. पहिल्या वर्षी थोड्याच जणांना मिळालं. बी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला साहेब एकच गोष्ट सांगत, यातलीही काही झाडं मरतील, त्या जागी काही लावू नका, मला बघायला यायचंय. लोक हो म्हणायचे. हो म्हणून घरी जाऊन काय करणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच हंगामाच्या शेवटी मध्यभारत संपलं, नवं मोठं राज्य झालं आणि साहेबांची बदली लांबच्या एका फार्मवर झाली. मी इंदूरलाच राहिले. त्यानंतर आमची गाठ पडली नाही, दिवाळीला पत्र यायचं तेवढंच. म्हणून मी सांगते तो त्यांचा मी पाहिलेला शेवटचा दिवस. बदलीच्या आधी आम्ही सांवेरच्या वाटेवरच्या एका गावात गेलो होतो. शेतकरी साधा, दोन बैलांचा. त्याच्या भोवतालच्या शेतांत मर पडून कापूस वाळलेला, आणि त्याचं शेत फुटून पांढरं झालेलं. पण मधे तीन ठिकाणी जमीन उघडी होती. आत काही लावलेलं नव्हतं, तण सुद्धा काढून जागा साफ ठेवली होती.

“गाँववाले हँसते हैं साब,” तो ओशाळून म्हणाला. “बोलते हैं, इससे तीन जगा नी भरी गई. पर आपने बोला था.”

साहेब तिन्ही जागांपाशी जाऊन आले. मग त्या शेतकऱ्यासमोर उभे राहिले, डोक्यावरची हॅट काढून काखेत धरली आणि पागेतल्या घराण्याच्या त्या उंच्यापुऱ्या माणसानं कमरेतून वाकून त्याला नमस्कार केला. तो बिचारा गडबडून, “अरे साब, ये क्या करते हो,” म्हणत मागे सरकला. साहेब हॅट तशीच काखेत धरून वळले आणि पांढऱ्या कापसातून बांधाकडे चालू लागले, आणि त्या दिवशी, मी नीट पाहिलं, ते खाली न बघता समोर बघत चालत होते.